कर्नाटकातल्या खानापूरच्या मराठी शाळेत सरावपाठ: छात्राध्यापकांनी पहिलीचं वाचन-लेखन कुठून सुरू करावं?

बाराखडीपासून नकोच. मुलं ती गाण्यासारखी म्हणतात, मधलंच अक्षर दाखवलं की अडतात. म, क, न, ल, र आणि काना एवढ्यावर मामा, नाक, कान, मका, कमल वाचून होतात. वाचलेले शब्द लगेच ऐकून लिहायला द्या. वेलांटीला जास्त दिवस ठेवा: 'कि'मध्ये खूण आधी दिसते, उच्चार नंतर येतो.

आपल्या भागात पुढे खरी गाठ जोडाक्षराशी. मुलं कन्नडही शिकतात, आणि तिथे दुसरं व्यंजन खाली लिहितात. देवनागरीत बहुधा पहिलं अर्धं होतं. म्हणून 'पुस्तक' लिहिताना 'स'ऐवजी 'त' अर्धा होऊ शकतो. छात्राध्यापकाने दोन्ही लिप्यांतलं 'पुस्तक' फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावं. नुसतं खोडून काहीच कळत नाही.