‘आणि’पाशी अडलेली प्रतिज्ञा

“मॅडम, पोरगं शाळेत प्रतिज्ञा म्हणत नाही.” हे सांगताना पालकांचा आवाज बहुधा दबलेला असतो, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने. वर्गशिक्षकांचा निरोप आलेला असतो आणि आईवडिलांना तीन भीती एकदमच घेरतात. शाळेतून नाव काढतील का? प्रकरण पोलिसांपर्यंत जाईल का? आपल्या लेकराला कुणी देशद्रोही म्हणेल का? समुपदेशक म्हणून वेगवेगळ्या घरांतून हेच इतक्या वेळा ऐकलं की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी कायद्याचं सांगते, कारण घाबरलेल्या माणसाच्या कानात दुसरं काही शिरत नाही. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा राष्ट्रध्वज, संविधान आणि राष्ट्रगीत यांच्याबद्दल आहे. प्रतिज्ञेचा त्यात उल्लेख नाही. राष्ट्रगीताच्या बाबतीतही गुन्हा आहे तो इतरांना मुद्दाम गाऊ न देण्याचा किंवा गाणाऱ्यांच्या सभेत गोंधळ घालण्याचा. गप्प उभं राहण्याचा नाही. केरळात जुलै १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथातली ही मुलं राष्ट्रगीताला रोज नीट उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गायची नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ ला त्यांना पुन्हा शाळेत घ्यायला लावलं. आदराने उभा राहिलेला माणूस गायला नाही म्हणून अनादर होत नाही, असा त्या निकालाचा धागा आहे. खटला राष्ट्रगीताचा होता, प्रतिज्ञेचा नव्हे, पण दिशा कळायला तेवढं पुरे. आणि मूल आठवीपर्यंतचं असेल तर शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १६ प्रमाणे त्याला शाळेतून काढता येत नाही; कलम १७ प्रमाणे मारताही येत नाही आणि मानसिक छळही करता येत नाही.

हे सगळं तुमची रात्रीची झोप परत यावी म्हणून सांगितलं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटण्यासाठी नाही.

आता मुलाकडे वळू. ‘म्हणत नाही’ या दोन शब्दांत चार-पाच निराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. म्हणून मी पालकांना आधी तीन बारीक प्रश्न विचारते. सगळ्यांबरोबर म्हणताना गप्प राहतो, की परिपाठात पुढे उभं राहून सांगायची पाळी आली की नकार देतो? फक्त प्रतिज्ञाच नको आहे, की प्रार्थना आणि राष्ट्रगीतही? आणि नेमकं कधीपासून?

पहिल्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. तोतरेपणा असलेलं मूल एकट्याने बोलताना अडखळतं, पण शंभर जणांच्या सुरात बहुतेक वेळा सहज बोलून जातं. त्यामुळे घोळक्यात म्हणणारा आणि माइकपाशी नकार देणारा मुलगा ‘उद्धट’ ठरवण्याआधी त्याचं बोलणं ऐकावं. सातवी-आठवीत आवाज फुटू लागला की मुलगे असेच माइक टाळतात. काही मुलं उपाशीपोटी येतात. उन्हात उभं राहून चक्कर येते आणि हात पुढे करून ठेवणं जमत नाही. हे प्रश्न डबा, डॉक्टर, वाचा-उपचार यांनी सुटतात.

ज्यांच्या घरी धर्मश्रद्धेमुळे शपथ घेत नाहीत त्यांनी शाळेला शांतपणे लेखी कळवावं. त्या मुलाला ‘सरळ करायला’ समुपदेशकाकडे पाठवू नये. आणि एखाद्या अकरावीतल्या मुलीने विचार करून मत बनवलेलं असतं, तेव्हा तिच्याशी मताच्या पातळीवर बोलावं. प्रत्येक नकाराखाली जखम उकरत बसण्याचा मोह आम्हा लोकांना होतो. तो आवरायला हवा.

उरतात ती मुलं, ज्यांना एखादं वाक्य घशात अडकतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा नववीतला मुलगा असाच आला होता. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि सहा भेटी थोडक्यात सांगते आहे.

वडील तावातावाने बोलत होते. घराण्यात दोन माणसं सैन्यात, आणि हा असा! आई गप्प होती. कधीपासून, असं विचारल्यावर वडील म्हणाले, “दुसरं सत्र सुरू झालं तेव्हापासून.” म्हणजे दिवाळीनंतर. मी ते वहीत लिहून ठेवलं आणि दोघांना बाहेर बसायला सांगितलं.

“मी तुला प्रतिज्ञा म्हणायला लावणार नाही,” मी मुलाला म्हटलं. “मला फक्त समजून घ्यायचंय.”

“सगळे खोटं बोलतात. मी नाही बोलणार.”

“कुठल्या वाक्यात खोटं?”

“सगळ्याच.”

‘सगळ्याच’ हे उत्तर मुलं नेहमीच आधी देतात. त्यावर वाद घालू नये. पुढच्या भेटीत मी त्याला पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरची प्रतिज्ञा स्वतःच्या अक्षरात उतरवायला लावली, एका ओळीवर एक वाक्य. एकूण आठ वाक्यं होतात. जे मनापासून म्हणता येतं त्यापुढे बरोबरची खूण, जे समजत नाही तिथे टिंब, जिथे अडतं तिथे फुली. घरीही हे करता येतं, फक्त मूल लिहीत असताना कागदात डोकावू नका. ‘पाईक’ आणि ‘सौख्य’ यांपाशी जवळजवळ प्रत्येक मूल टिंब देतं, आणि आपण ते शब्द कधी समजावलेच नाहीत हे मोठ्यांच्या तेव्हा लक्षात येतं.

‘भारत माझा देश आहे’ यापुढे त्याने न थांबता बरोबरची खूण केली. ‘माझ्या देशावर माझे प्रेम आहे’ यापुढेही. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ यापाशी पेन थबकलं आणि टिंब पडलं. अडत असेल तर इथेच, अशी माझी अटकळ होती, ती चुकली. फुली पडली सहाव्या वाक्यावर, आणि एवढी दाबून की कागद फाटला. ‘मी माझ्या पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन.’

“यातलं काय अडतं?”

त्याने बोट ठेवलं ते ‘ठेवीन’ आणि ‘प्रत्येकाशी’ यांच्या मधल्या ‘आणि’वर. “याच्या अलीकडचं केलं की पलीकडचं करता येत नाही.”

मी गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकाने पुढचा प्रश्न गिळावा, हे मला इतक्या वर्षांत पक्कं कळलंय. दोनेक मिनिटांनी तो आपणहून सांगू लागला. दिवाळीच्या सुट्टीत वर्गातला जिवलग मित्र अभ्यासाला घरी आला होता. आज्जीने चहा दिला. याला आत, नेहमीच्या कपात. मित्राला ओट्यावर, कान तुटलेल्या कपात. तो कप नंतर परसातल्या कोनाड्यात ठेवला गेला. मित्राची जात आज्जीला ठाऊक होती. मुलाने पाहिलं आणि तो काही बोलला नाही, कारण आज्जीला उलट बोलायचं नाही हे घरचं वळण. शाळा उघडल्यावर पहिल्याच परिपाठात त्याची जीभ सहाव्या वाक्याशी लुळी पडली. मग बाकीचीही सात गेली.

हा मुलगा प्रतिज्ञा टाळत नव्हता, तो ती शब्दन् शब्द ऐकत होता. हे मला त्या ‘आणि’पाशी उमगलं आणि त्यानंतर नकाराच्या प्रत्येक तक्रारीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले.

आमच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे दुःखामागचा हट्टी विचार तपासायला शिकवणाऱ्या समुपदेशनाच्या पद्धतीत, एक अक्षर शोधायची सवय लावतात: ‘असंच हवं’ म्हणणारा ‘च’. माणसाचं दुःख बऱ्याचदा खरं असतं, पण त्याला चिकटलेला ‘च’ त्याला जागेवर खिळवून ठेवतो. मुलाचं दुःख खरंच होतं. ते चुकीचं आहे असं मी एकदाही म्हटलं नाही, तुम्हीही म्हणू नका. पण तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “मान ठेवणं म्हणजे काय?”

“ऐकणं.”

“ऐकणं, की ऐकणंच?”

तो बघतच राहिला.

“आज्जीचे पाय चेपतोस?”

“हो. रोज.”

“तिची गोळी?”

“मीच देतो.”

“म्हणजे मान आहेच. मग ‘आज्जी, त्याला मी माझ्याच कपात चहा देणार’ असं आवाज न चढवता सांगितलंस, तर तो मान जाईल?”

“ती रागवेल.”

“रागवेलच. तिचा राग किती वेळ टिकतो?”

थोडा विचार करून म्हणाला, “संध्याकाळपर्यंत.”

“तेवढा वेळ सोसवेल?”

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. मान आणि आज्ञा हे दोन वेगळे झाले, तसं त्या ‘आणि’च्या दोन्ही बाजूंना उभं राहता येईल असं त्याला वाटू लागलं. प्रतिज्ञा कुणी लिहिली, असं त्याने त्याच दिवशी विचारलं. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली, ते विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते, आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत आली, एवढं मी सांगितलं. “म्हणजे त्यांच्याही घरात आज्जी असणार,” तो म्हणाला. मग आम्ही क्रियापदं पाहिली: करीन, ठेवीन, वागेन. जे झालंय त्याचा दाखला नव्हे, जे करायचंय त्याचा शब्द. ‘बांधव आहेत’ मात्र वर्तमानकाळात आहे, हे त्यानेच दाखवलं. मी ते मान्य केलं.

खरी हानी दुसरीकडेच होत होती. लाजेपायी त्याने मित्राशी बोलणं टाकलं होतं, बाकही बदलला होता. पाच आठवडे! म्हणून घरचा अभ्यास प्रतिज्ञेचा दिला नाही, एका वाक्याचा दिला: “त्या दिवशी मी गप्प बसलो, ते चुकलं.” आज्जीची बाजू मांडायची नाही, तिच्या वतीने माफी मागायची नाही, रडायचं नाही. ते वाक्य माझ्यासमोर तीनदा मोठ्याने म्हणून घेतलं, कारण मनात जुळवलेलं वाक्य समोरासमोर घशातच राहतं. मित्राचं उत्तर त्याने चौथ्या भेटीत सांगितलं: “कपाचं मला माहीत होतं. तू बाक का बदललास ते कळलं नव्हतं.”

मग मुलाची परवानगी घेऊन वडिलांना आत बोलावलं. कपाची गोष्ट ऐकून ते म्हणाले, “ती आईची पद्धत आहे. आम्ही नाही पाळत.”

“तो कप विसळून कोनाड्यात कोण ठेवतं?”

ते काहीच बोलले नाहीत. आई पहिल्यांदा बोलली. “मीच.”

शाळेशी बोलताना काय ठरवावं, ते नीट सांगते, कारण गाडी बहुतेक वेळा इथेच घसरते. आईवडिलांनी मुख्याध्यापकांना आधी वेळ मागून भेटावं, मुलाला बाहेर उभं न करता. चार गोष्टी बोलून एका कागदावर लिहून द्याव्यात. मूल आपल्या नेहमीच्या रांगेत, नेहमीच्या जागी सावधानमध्ये उभं राहील. शेजाऱ्याला हसवणार नाही, खाणाखुणा करणार नाही. पुढे येऊन सांगण्याची पाळी काही काळ त्याला दिली जाणार नाही. आणि चार आठवड्यांनी पुन्हा बसून बोलायचं. ‘एकाला सूट दिली की सगळे सोडतील’ ही शिक्षकांची भीती मी समजू शकते, पण वर्गाचं लक्ष गप्प तोंडाकडे जात नाही, त्यावरून होणाऱ्या आरडाओरड्याकडे जातं. मुलाला रांगेच्या शेवटी हलवलं की दुसऱ्याच दिवशी अख्ख्या शाळेला कळतं.

शिक्षा म्हणून माइक हातात देणं, शंभरदा लिहून आणायला लावणं, परिपाठात सर्वांसमोर माफी मागायला लावणं, याने मूल एक तर कोसळतं किंवा गावचा नायक होतं. पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर या विषयासाठी कायमचा बंद समजा. तिथे पडलेलं एक वाक्य संध्याकाळपर्यंत चौकात पोचतं. आणि पालकांना सर्वांत आवडणारी तोड, “नुसता हात पुढे कर, ओठ हलव, कुणाला कळतंय,” ती मुळीच सुचवू नका. मुलाची तक्रारच ‘सगळे खोटं बोलतात’ अशी असते. तुम्ही त्याला तेच करायला सांगत असता.

पहिल्या दिवशी घरी विचारायचा प्रश्नही बदला. ‘का म्हणत नाहीस?’ यात खटल्याचा सूर असतो. ‘कुठल्या वाक्याला अडतं?’ असं विचारा, तेही जेवणं आटोपल्यावर, टीव्ही बंद करून, दोघांपैकी एकानेच. उत्तर नाही आलं तर दोन-तीन दिवस जाऊ द्या. त्या काळात मूल जेवत-झोपत नसेल, शाळाच नको म्हणत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

सहाव्या भेटीपर्यंत तो मुलगा हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणू लागला होता. सहावं वाक्य सर्वांत आधी परत आलं. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ या एका वाक्याला मात्र तो अजून गप्प राहतो. मुख्याध्यापकांना ते ठाऊक आहे. “घरी अजून झालं नाही,” एवढंच तो म्हणतो. आज्जी एकदा पूर्ण दिवस अबोला धरून बसली. त्याने रात्री नेहमीप्रमाणे गोळी दिली आणि तिने ती घेतली. मित्र हल्ली येतो तेव्हा दोघंही ओट्यावर बसतात.

निघताना वडिलांनी दारात थांबून विचारलं, “मॅडम, ते एक वाक्य कधी म्हणेल?”

“ते त्याच्याकडे राहू द्या,” मी म्हटलं. “तुम्ही कपाचं बघा.”