पिल्लू आलं आणि झोप गेली

प्रश्न : ताई, कुत्रं पाळायची हौस लहानपणापासूनची, शेवटी आता नऊ आठवड्यांचं पिल्लू घरी आणलं त्याला अकरा दिवस झाले आणि या अकरा दिवसांत मी एकदाही सलग तीन तास झोपलेली नाहीये. बाहेर अर्धा तास उभी राहते तेव्हा शू करत नाही आणि आत आलं की लगेच पायपुसण्यावर करतं. संध्याकाळी तर अंगात आल्यासारखं घरभर पळतं, हाताला पायाला कपड्यांना कशालाही चावतं, माझे हात ओरखड्यांनी भरलेत. नवरा म्हणतो तूच हट्ट केलास. काल बाथरूमचं दार लावून रडले आणि मनात आलं की परत देऊन टाकावं, मग बाहेर येऊन त्याच्याकडे बघितलं तर अजूनच रडू आलं. मी वाईट आहे का? आणि हे कधी संपतं?

उत्तर : नाही, तुम्ही वाईट नाही. पहिलं पिल्लू आणणाऱ्या कितीतरी लोकांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अगदी हेच वाटतं, फक्त कोणी बोलत नाही कारण बाकी सगळे 'किती गोड आहे' म्हणत फोटो मागत असतात. याला 'पपी ब्लूज' असं नाव आहे. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मधे यावर एक अभ्यास छापला, त्यात त्यांना या वाटण्याचे तीन भाग सापडले, वैताग, काळजी आणि थकवा, आणि तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. माझी पहिली कुत्री आली तेव्हा चौथ्या रात्री मी जिथून तिला आणलं त्यांचा नंबर फोनवर काढून बसले होते. लावला नाही, पण बसले होते. नंतर ती तेरा वर्षं माझ्याजवळ राहिली.

आता मुद्द्याचं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात झोप हा विषय फक्त तुमच्या बाबतीत आलाय, पिल्लाच्या झोपेचा कुठे उल्लेखच नाही आणि माझ्या मते बरीचशी गडबड तिथेच आहे. या वयाचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं, म्हणजे झोपायला हवं. पण ते दमलं म्हणून आपणहून कोपऱ्यात जाऊन झोपेलच असं नाही, कोणी खुर्चीवरून उठलं की ते उठतं, बेल वाजली की उठतं, मुलं आली की उठतं, आणि असं करत करत संध्याकाळपर्यंत त्याची चार-पाच तासांची झोप बुडते. दमलेलं लहान मूल किरकिर करतं, दमलेलं पिल्लू चावतं आणि पळत सुटतं. आपल्याला वाटतं अंगात मस्ती आहे, अजून खेळवूया म्हणजे दमेल, आणि मग ते आणखीच बिथरतं.

म्हणून उद्यापासून दोन दिवस एक वही घ्या आणि ते कधी उठलं कधी झोपलं एवढंच लिहा. बेरीज केलीत की तुम्हालाच कळेल. मग साधारण तासभर जागं आणि दीड-दोन तास झोप अशी लय लावायचा प्रयत्न करा. झोपायला क्रेट म्हणजे कुत्र्याचा जाळीचा पिंजरा असेल तर उत्तम, नसेल तर छोटी कुंपण घातलेली जागा, अंधारी, घरातल्या येण्याजाण्यापासून लांब. सुरुवातीला थोडं कुरकुरेल, तुम्ही शेजारी जमिनीवर बसा, बोलू नका, बहुतेक वेळा दहा मिनिटांत डोळे मिटतात. पण घाबरून जोरजोरात ओरडायला लागलं तर तसंच कोंडून ठेवायचं नाही, त्या जागेची भीती बसली की पुढे फार त्रास होतो. जागेपणीचा तास मात्र सगळा त्याचा, शू, खाणं, खेळ, थोडं शिकवणं.

रात्रीचं सांगते. ढोबळ हिशोब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास अधिक एक एवढा वेळ ते शू धरू शकतं, म्हणजे तुमचं पिल्लू साधारण तीन तास. झोपेत थोडं जास्त जातं. तेव्हा ते रात्री उठवतं यात त्याचा हट्ट नाही, त्याला खरंच जमत नाही. त्याची जागा तुमच्या पलंगाला लागून करा, ते दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत भावंडांच्या गराड्यात झोपत होतं, तुमचा हात खाली सोडलेला असला तरी त्याला पुरतं. उठवलं की दिवे न लावता, न बोलता, न खेळता बाहेर न्यायचं आणि परत आणून ठेवायचं. आणि रात्र वाटून घ्या. दोनपर्यंत एकाने, दोननंतर दुसऱ्याने, ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपायचं. हट्ट कोणाचा होता हा वाद सहा महिन्यांनी घाला, आत्ता नवऱ्याला सरळ सांगा की मला सलग पाच तास झोप हवीये, बाकी काही नको.

बाहेर अर्धा तास उभं राहून शू न करण्याचं कारण साधं आहे, बाहेर इतके वास आणि इतके आवाज असतात की ते विसरूनच जातं, आणि आत आल्यावर निवांत झालं की आठवतं. अर्धा तास थांबूच नका. पट्टा लावून रोज एकाच जागी उभं राहायचं, पाच मिनिटं, झाडासारखं. नाही केली तर आत आणा पण जमिनीवर सोडू नका, मांडीवर किंवा क्रेटमधे ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा न्या. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर तर न्यायचंच. आणि बाहेर केली रे केली की तिथल्या तिथे, एक-दोन सेकंदांत खाऊ द्यायचा, घरात येऊन दिला तर त्याला वाटतं घरात येण्याचं बक्षीस आहे. आत केली तर रागवू नका, नाक तर अजिबात घासू नका, त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं आहे, मग सोफ्यामागे जाऊन करायला लागतं. ते पायपुसणं काही दिवस उचलून ठेवा आणि डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा, अमोनिया असलेल्याने नको कारण त्याचा वास लघवीसारखाच येतो.

चावण्याबद्दल थोडं. दुधाचे २८ दात असतात आणि सुईसारखे असतात, साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं हे ते भावंडांशी खेळताना शिकत होतं, आता भावंडं नाहीत तर तुम्ही आहात. हात झटकू नका, झटकलेला हात म्हणजे पळणारं सावज. हात ढिला सोडायचा, तोंडात खेळणं द्यायचं, तरी चावतच राहिलं तर शांतपणे उठून अर्धा मिनिट त्याच्या कुंपणाच्या पलीकडे जायचं. आणि आधी घड्याळ बघायचं, उठून तास झालाय का? झाला असेल तर ते चावणं नाहीये, ती झोप आहे.

कधी संपतं, तर खोटं सांगत नाही. रात्री बहुतेक चार महिन्यांच्या आसपास बऱ्याच सुधारतात, चावणं दात बदलेपर्यंत कमीजास्त राहतं, आणि त्यानंतर पौगंडावस्था येते तेव्हा शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं वागतं. पण तुमची झोप परत आली की यातलं निम्मं ओझं जातं. आणि दोन-तीन महिन्यांनी, नीट झोप मिळूनही तुम्हाला रोज रडू येत असेल, जेवण जात नसेल तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. नीट विचार करून, चांगलं घर शोधून पिल्लू दुसऱ्याला देणं हाही गुन्हा नाही. फक्त तो निर्णय रात्री तीन वाजता घेऊ नका.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरीला आहोत, पिल्लासाठी दोन आठवड्यांची सुट्टी घेतलीये, सुट्टी संपली की ते एकदम एकटं पडेल. सवय कशी लावायची?

उत्तर : सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी नाही, आजच सुरू करा. आणि मिनिटांत नाही, सेकंदांत. दाराबाहेर जायचं, पाचपर्यंत मोजायचं, परत यायचं, येताना गाजावाजा नाही. ते निवांत राहिलं तरच वेळ वाढवायचा, रडायला लागलं म्हणजे आपण जास्त ताणलं, पुढच्या वेळी कमी करायचं. 'रडून रडून गप्प होईल' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, गप्प होतं ते थकून, सवय होऊन नाही. मात्र दहा-अकरा आठवड्यांचं पिल्लू आठ-नऊ तास एकटं राहू शकत नाही, दोन आठवड्यांत तर नाहीच, त्यामुळे मधल्या वेळेत कोणीतरी येईल किंवा दोघांच्या वेळा पुढेमागे करता येतील ही सोय आधी बघा.

प्रश्न : व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, म्हणतात लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर नेऊ नका, मैत्रीण म्हणते आत्ताच जग दाखवलं नाही तर भित्रं होईल. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघंही बरोबर आहेत म्हणूनच गोंधळ होतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं, आणि लसी दर तीन-चार आठवड्यांनी देत निदान १६ आठवड्यांपर्यंत चालतात, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असते तोवर लस नीट लागू पडेल याची खात्री नसते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. तेव्हा जग दाखवायचं, पण कडेवरून. गाड्यांचे आवाज, छत्री, चष्मेवाली माणसं, लहान मुलं, सगळं कडेवर बसून बघू दे. जिथे अनोळखी कुत्री येतात तिथे जमिनीवर ठेवायचं नाही, ओळखीचं लस झालेलं निरोगी कुत्रं असेल तर त्याच्याशी घरात खेळू दे. उलट्या, रक्ताचे जुलाब, खाणं बंद, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता व्हेटकडे. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा-लसूण, झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ असलेलं शुगरफ्री च्युइंगगम किंवा आपल्या डोकेदुखीच्या गोळ्या पोटात गेल्या तरीही तसंच, लक्षणं दिसायची वाट बघू नका, आणि जाताना ते पाकीट बरोबर न्या.