बोअरवेलच्या पाण्यातून पीफास काढायला कार्बन घ्यावा की रेझिन?

तुमच्या सोसायटीच्या बोअरमध्ये पीफास (सहजासहजी न विरणाऱ्या, माणसाने बनवलेल्या फ्लोरिनयुक्त रसायनांचा मोठा गट) निघालंय, हातात दोन कोटेशन आहेत, एक ॲक्टिव्हेटेड कार्बनचं आणि एक रेझिनचं (पाण्यातले चार्ज असलेले कण पकडणारे प्लास्टिकचे बारीक मणी), आणि कार्बन स्वस्त पडतोय म्हणून तोच घ्यावा का, असं विचारलंय ना? मी नवी मुंबईत वॉटर ट्रीटमेंटच्याच लाइनीत आहे. आधी लॅब रिपोर्ट परत उघडा आणि नुसता टोटल बघू नका, कुठले कुठले निघालेत ते बघा. पीएफओए, पीएफओएस ही लांब साखळीची पीफास, फिल्टरमधल्या कार्बनला चांगली चिकटतात. पण पीएफबीए, पीएफबीएससारखी आखूड साखळीची, रेणूत चारच कार्बन अणू असलेली असतील तर कार्बन फिल्टर लवकर हात टेकतो, आणि नंतर येणारी लांब साखळीवाली त्यांना जागेवरून हुसकावतात, मग कधीकधी आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर येणाऱ्यात ती जास्त सापडतात!

रेझिन घ्यायचं तर स्ट्राँग बेस ॲनायनच (निगेटिव्ह चार्जचे कण पकडणारं) घ्या. सॉफ्टनरमधलं रेझिन कॅटायन (पॉझिटिव्ह चार्जचे कण पकडणारं) असतं, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतं, निगेटिव्ह चार्जच्या पीफासला त्याचा काडीचा उपयोग नाही, त्यामुळे "सॉफ्टनर आहे की आपल्याकडे" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ॲनायन रेझिनला २-३ मिनिटांचा कॉन्टॅक्ट पुरतो, कार्बनला १०-२० मिनिटं द्यावी लागतात म्हणजे टाकी तेवढी मोठी, आणि मुंबईतल्या पंपरूममध्ये जागा असते कुठे. फक्त बोअर समुद्राजवळची, खारट असेल तर क्लोराइड-सल्फेटच रेझिन अडवून बसतात.

कार्बनच घेणार असाल तर आयोडीन नंबरला (कार्बन किती आयोडीन शोषतो त्याचा आकडा) भुलू नका. नारळाच्या करवंटीचा कार्बन त्याच आकड्यावर विकतात, पण तो आकडा अगदी बारीक छिद्रांचा, पीएफओएसला आत शिरायला जरा रुंद वाट लागते, म्हणून दगडी कोळशापासून केलेला कार्बन बऱ्याच चाचण्यांत सरस ठरलाय. ब्रोशरमधली कपॅसिटीही बऱ्याचदा मिलिग्रॅममध्ये पीफास घातलेल्या स्वच्छ पाण्यावर काढलेली असते. तुमचा मामला नॅनोग्रॅमचा (मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग), अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएसला लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली यावरून अंदाज घ्या.

म्हणून व्हेंडरला तुमच्याच बोअरचं पाणी देऊन दोन्हींची छोट्या कॉलमवर ट्रायल घ्यायला लावा. टाक्या एकामागे एक दोन बसवा, सॅम्पल दोन टाक्यांच्या मधून काढा, म्हणजे पहिली संपली की दुसरी हाताशी असते. आणि वापरून संपलेला कार्बन किंवा रेझिन कुठे जाळणार ते लेखी घ्या, कचऱ्यात गेला तर ते पीफास परत जमिनीत मुरणार. तोवर बोअरचं पाणी फक्त फ्लशला वापरा, प्यायला-स्वयंपाकाला नको.