पिअर्सची तारीख

प्रिय मित्रास, सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मोटारसायकलचे इंजिन चढवलेले तुझे यंत्र शेतात जमिनीपासून उचलले गेले, हे वाचून मनापासून आनंद झाला. मात्र 'आपल्या भागात असे करणारा मीच पहिला ना?' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेव आणि न्यूझीलंडच्या रिचर्ड पिअर्सची हकिकत वाच.

१८७७ साली साउथ कँटरबरीतील वायटोही येथे जन्मलेल्या या शेतकऱ्याला अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण मिळाले नव्हते, आणि वडिलांनी दिलेल्या १०० एकरांपेक्षा त्याचा जीव शेडमधल्या खटाटोपातच अधिक रमत असे. १९०२ मध्ये त्याने सायकलच्या नव्या रचनेचे पेटंट घेतले. पुढे बांबू, पोलादी नळ्या, तारा आणि कॅनव्हास यांचे एकपंखी, तीनचाकी विमान त्याने उभारले. त्याचे दोन सिलिंडरचे इंजिनही त्याने स्वतःच घडवले आणि सिलिंडरसाठी बिडाचे पाइप वापरले. पंखांवर तोल सावरणारे हलते भाग त्याने योजले होते, ही त्या काळी मोठीच झेप होती.

हे यंत्र उडून काटेरी कुंपणावर आदळल्याचे आपण पाहिले, असे शेजाऱ्यांनी अनेक दशकांनंतर सांगितले. कोणाला ३१ मार्च १९०३ ही तारीख आठवत होती, तर कोणाला त्याच्या आदले वर्ष. राइट बंधूंचे उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चे असल्यामुळे या आठवणींवरून आजही वाद झडतात. पिअर्सने मात्र १९१५ आणि १९२८ मध्ये वृत्तपत्रांना लिहिलेल्या पत्रांत आपल्या प्रयत्नांची सुरुवात १९०४ ची सांगितली आहे. ताशी सुमारे २० मैल वेग आला की यंत्र जमीन सोडू लागे. पण एवढ्या कमी वेगात सुकाणू काम देत नसे आणि ते अवाढव्य धूड उचलले जाताच आडवे फिरे, म्हणून आपण त्या पहिल्या विमानातून कधी उडालोच नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. माझ्या मते त्याच्याविषयीच्या साऱ्या साहित्यात याहून मोलाचा मजकूर नाही, कारण दोष नेमका कोठे होता हे त्यातून कळते. आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याबद्दल छातीठोकपणे बोलले जाते, परंतु यंत्र कसे वागले याची अशी एक ओळही कोणी दाखवत नाही.

राइट बंधूंनी १९०१ मध्येच वातबोगदा, म्हणजे पंख्याने वाऱ्याचा झोत सोडणारी पेटी, बांधून पंखांचे आकार तपासले होते. १२ सेकंदांत १२० फूट, एवढेच त्यांचे पहिले उड्डाण. पण त्याचे छायाचित्र आहे आणि त्याच दिवशीची रोजनिशीही आहे. पिअर्सच्या पहिल्या यंत्राचे अवशेष त्याच्या मृत्यूनंतर कचऱ्याच्या ढिगातून उकरून काढावे लागले.

तेव्हा एक जाड वही घे. प्रत्येक चाचणीची तारीख, वाऱ्याचा वेग व दिशा, यंत्राचे वजन, इंजिनाचे फेरे आणि धावलेले अंतर त्याच संध्याकाळी लिहून ठेव. अंतर पावलांनी न मोजता टेपने मोज आणि मोबाइलवरचे चित्रण बाजूने घ्यायला सांग, म्हणजे चाके व जमीन यांच्यातील फट दिसेल. यंत्र कोणत्या वेगाला कोणत्या बाजूस वळते, हे विशेष बारकाईने टिपून ठेव. तोवर ते दोरीने जखडलेलेच असू दे, आणि त्यात माणूस बसवण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम नीट वाचून घे. पहिल्या चाचण्यांच्या नोंदी झाल्या की पानांचे फोटो पाठव. सुकाणूच्या आकाराबद्दल त्यानंतरच बोलू.

तुझा हितचिंतक