संकल्पातले १९७ कोटी आणि खडकातले ४५४ कोटी

सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, असे मी या सदरात मागे लिहिले होते. त्यावर आलेली बरीचशी पत्रे कातळाविषयी नव्हती. ती या आकड्याविषयी आणि त्याहीपेक्षा धर्मग्रंथांतल्या आकड्यांविषयी होती. भूविज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला आणि घरात पंचांग रोज उघडले जाई, त्यामुळे हे प्रश्न मला परके नाहीत. त्यांतले काही येथे घेतो.

प्रश्न : ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि विज्ञानाच्या मते पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे. हे दोन आकडे इतके जवळ असताना आपल्या ऋषींना पृथ्वीचे वय ठाऊक होते, असे मानण्यास काय हरकत आहे?

हरकत ही की या तुलनेत आपण आपल्याच परंपरेचा आकडा चुकीचा वाचतो. ४३२ कोटी वर्षे हे कल्पाचे, म्हणजे ब्रह्मदेवाच्या दिवसाचे, एकूण मान आहे. त्या दिवसाचा किती भाग सरला, हे परंपरेने वेगळे सांगून ठेवले आहे आणि पूजेला बसताना संकल्पात ते आपण मोठ्याने म्हणतो : श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगे, कलियुगे, प्रथमचरणे. आमच्याकडे गुरुजी त्यापुढे ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणत आणि पळीतले पाणी ताम्हनात सोडायला सांगत. लहानपणी मी ते सारे नुसते ऐकून घेत असे. हा आपला पत्ता आहे, आधी काळातला आणि मग भूमीवरचा, हे फार उशिरा लक्षात आले.

त्या पत्त्याचा हिशेब मांडून पाहू. एका महायुगाची वर्षे ४३,२०,०००. अशी ७१ महायुगे म्हणजे एक मन्वंतर. आपण सातव्या मन्वंतरात आहोत, म्हणजे सहा पूर्ण झाली. त्यांची वर्षे १८४ कोटी ३ लाख २० हजार. मन्वंतरांच्या आरंभी आणि मध्ये येणारे संधिकाल आजवर सात झाले आणि प्रत्येकाची लांबी कृतयुगाएवढी, म्हणजे १७,२८,००० वर्षे. त्यांची बेरीज १ कोटी २० लाख ९६ हजार. चालू मन्वंतरातली २७ महायुगे संपली, त्यांची ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षे झाली. अठ्ठाविसाव्या महायुगातली कृत, त्रेता आणि द्वापर ही तीन युगे मिळून ३८ लाख ८८ हजार आणि कलियुगाची सुमारे ५,१२५. सगळे मिळून १९७ कोटी २९ लाख ४९ हजारांच्या आसपास होतात. म्हणजे संकल्पाप्रमाणे कल्पाची गतवर्षे ४५४ कोटींच्या निम्मीही नाहीत.

या आकड्यावर तरी परंपरेचे एकमत होते का? तसेही नाही. सृष्टी घडवायला ब्रह्मदेवाला वेळ लागला असे धरून सूर्यसिद्धांत हा जुना ज्योतिषग्रंथ त्यातून १ कोटी ७० लाख ६४ हजार वर्षे वजा करतो. स्वामी दयानंद सरस्वतींनी विक्रम संवत १९३३ मध्ये, म्हणजे इसवी सन १८७६ च्या सुमारास, संधिकाल न धरता १,९६,०८,५२,९७६ हा आकडा दिला. आर्यभटाने तर मन्वंतरात ७१ ऐवजी ७२ महायुगे मानली आणि त्याचा कल्प १,००८ महायुगांचा झाला. युगांचे चार भागही त्याने समान धरले. स्मृतींपासून दूर गेल्याबद्दल ब्रह्मगुप्ताने त्याला बोल लावले. ही मंडळी दिव्यदृष्टीने दिसलेला आकडा उतरवून घेत नव्हती, ती वाद घालत होती, हे मला फार मोलाचे वाटते.

हे प्रचंड आकडे ज्योतिष्यांना लागत कशाला, हेही पाहिले पाहिजे. एका महायुगात शनीची भगणे, म्हणजे आकाशातल्या पूर्ण फेऱ्या, १,४६,५६८ होतात आणि गुरूची ३,६४,२२०, असे सूर्यसिद्धांत सांगतो. ४३,२०,००० वर्षांना या संख्यांनी भागले की शनीची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांहून किंचित कमी येते आणि गुरूची ११.८६ वर्षे; दोन्ही आकडे आजच्या मापनाशी जुळतात. अपूर्णांक टाळून प्रत्येक ग्रहाची गती पूर्णांकांत मांडायची तर काळाचे माप तेवढे मोठे घ्यावे लागते. युगांच्या संख्या पुराणांत धर्माच्या चढउताराशी जोडलेल्या आहेत. गणितात मात्र त्या ग्रहगतीचा समान छेद म्हणून राबल्या. ४३२ आणि ४५४ यांच्या योगायोगावर अभिमान बाळगण्यापेक्षा शनीच्या त्या भागाकारावर बाळगावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : कार्बन डेटिंगवर कोट्यवधी वर्षांचे वय कसे ठरवता येईल? आणि तेव्हा पाहायला कोणीच नव्हते, मग शास्त्रज्ञ इतक्या खात्रीने कसे बोलतात?

पहिल्या भागात तुमचे बरोबर आहे. कार्बन-१४ चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षे आहे, त्यामुळे सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरत नाही. पण पृथ्वीचे वय कार्बनवरून कोणीही काढलेले नाही. तेथे युरेनियम लागते. युरेनियम-२३८ निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात आणि युरेनियम-२३५ निम्मे व्हायला सुमारे ७० कोटी; दोन्हींचा शेवट शिशात होतो, पण शिशाच्या दोन निरनिराळ्या समस्थानिकांत, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंत. म्हणजे एकाच खड्यात वेगवेगळ्या गतीची दोन घड्याळे चालू असतात. दोन्हींनी एकच वेळ दाखवली तर मापन विश्वासाचे. नाही दाखवली, तर त्या खड्याला मधल्या काळात उष्णता लागली किंवा त्यातले शिसे निसटले, हे लगेच कळते.

हा खडा बहुधा झिरकॉन या खनिजाचा असतो. खडक कुटून, चाळून, जड कण वेगळे करून शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण सुईच्या टोकाने निवडावा लागतो. वाळूच्या बारीक कणाएवढा, मधाच्या थेंबासारखी झाक असलेला तो कण पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी बराच वेळ डोळा काढला नव्हता. झिरकॉनचा स्फटिक बनताना त्यात युरेनियम सहज शिरते, शिशाला मात्र जवळजवळ थारा मिळत नाही. त्यामुळे आज आत सापडणारे शिसे तेथेच तयार झालेले असते. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स येथील असे काही कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे निघाले.

मग ४५४ कोटी कुठून आले? पृथ्वी आपले कवच पुन्हा पुन्हा वितळवते आणि मोडते, त्यामुळे तिच्या जन्मावेळचा खडक आपल्या हाती राहिलेला नाही. सूर्यमालेबरोबरच घडलेले आणि नंतर फारसे न बदललेले अशनी मात्र आकाशातून पडतात. अमेरिकेतील क्लेअर पॅटरसन यांनी कॅन्यन डायब्लो या लोह-अशनीतले शिसे मोजले. त्यातल्या एका खनिजात युरेनियम नसल्यातच जमा असल्याने सूर्यमालेच्या आरंभीचे शिसे कसे होते, हे त्यांना कळले. त्याची इतर अशनींशी आणि समुद्राच्या गाळाशी तुलना करून १९५६ मध्ये त्यांनी ४५५ कोटी वर्षे हा आकडा दिला, ७ कोटी वर्षे मागेपुढे धरून. त्यानंतर चंद्रावरून खडक आले, उपकरणे कितीतरी सुधारली, पण आकडा त्या मर्यादेबाहेर गेला नाही. आज तो ४५४ कोटी, एक टक्का इकडेतिकडे, असा मानतात. मापनात पॅटरसन यांना सर्वांत जास्त त्रास दिला तो प्रयोगशाळेतल्या धुळीत भरलेल्या शिशाने. त्याचा माग काढत ते पेट्रोलपर्यंत पोहोचले आणि पुढची अनेक वर्षे शिसेयुक्त पेट्रोलविरुद्ध झगडले. पृथ्वीच्या वयाच्या शोधातून आपल्या श्वासातली हवा सुधारायला मदत झाली, हे मी प्रत्येक वर्गात आवर्जून सांगत आलो.

कोणी पाहायला नव्हते, या मुद्द्याबद्दल इतकेच म्हणेन की झाड तोडल्यावर त्याची वर्तुळे मोजणाऱ्याने ते रोप लावताना पाहिलेले नसते.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. बायबलप्रमाणे पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, असे एका प्रवचनात ऐकले. ते मानणे आमच्यावर बंधनकारक आहे का?

बायबलमध्ये पृथ्वीच्या वयाचा आकडा कोठेही लिहिलेला नाही. आदामापासूनच्या वंशावळीत कोणाला कितव्या वर्षी मूल झाले हे दिलेले आहे आणि त्या वर्षांची बेरीज निरनिराळ्या विद्वानांनी निरनिराळी केली. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये ती मांडली आणि सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये, २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी, ठरवला. अशर प्रोटेस्टंट होते आणि त्यांचा आकडा पुढे इंग्रजी बायबलच्या समासात छापला जाऊ लागल्याने तो मूळ वचनाचाच भाग आहे असे लोकांना वाटू लागले. बायझंटाइन परंपरेत हाच आरंभ इसवी सनापूर्वी ५५०९ येतो आणि यहुदी कालगणनेत ३७६१. कोकणातले बेने इस्राएल लोक ज्याला नव्याचा सण म्हणत आले, त्या दिवशी याच यहुदी वर्षाचा आकडा बदलतो.

कॅथलिक चर्चने सहा हजार वर्षांचा आकडा श्रद्धेचा विषय केलेला नाही. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातले सहा दिवस आपल्या दिवसांसारखेच होते असे समजू नये, हे संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकातच लिहून ठेवले होते. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याला आरंभ असावा, हा विचार ज्यांनी प्रथम नीट मांडला ते जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. आपल्या सिद्धांताने बायबल सिद्ध झाले, असे म्हणणे त्यांनी कटाक्षाने टाळले.

प्रश्न : विज्ञानाचा आकडा सतत बदलतो. आज ४५४ कोटी, उद्या आणखी काही. त्यापेक्षा धर्मग्रंथ स्थिर नाहीत का?

आकडा बदलला, हे खरे आहे, पण कशामुळे बदलला तेही पाहावे. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८६२ मध्ये तप्त गोळा निवायला लागणाऱ्या वेळावरून पृथ्वीचे वय २ ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान काढले आणि १८९७ पर्यंत ते २ ते ४ कोटींवर आणले. गणितात चूक नव्हती. पृथ्वीच्या पोटातला खडक घन असूनही अतिशय मंद गतीने वाहतो आणि उष्णता वर आणतो, हे मात्र त्यांनी धरले नव्हते; त्यांचेच माजी साहाय्यक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये नेमके हे दाखवून दिले, तरी केल्व्हिन यांच्या दबदब्यापुढे त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे किरणोत्सर्गाने मोजण्याचे स्वतंत्र साधनच हाती आले. आकडा बदलतो तो असा, कारण दाखवून.

आपल्याकडचे उदाहरण लोणारचे. तेथील विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे आले होते. २०११ मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. दहापटींहून अधिक फरक. पण विवर अशनीच्या आघाताने झाले, हे दोन्हींत कायम राहिले. गावातले दैत्यसूदन मंदिर, विष्णूने लवणासुराला मारल्याची कथा आणि काचेसारखे वितळलेले खडे हे सारे एकाच फेरीत पाहता येते आणि त्यातले काहीही पाहायचे सोडू नये.

प्रश्न : इस्लाम, जैन आणि बौद्ध धर्म याविषयी काय सांगतात?

कुराणात सहा दिवसांत सृष्टी झाल्याचे आहे, पण ईश्वराजवळचा एक दिवस तुमच्या हजार वर्षांसारखा, असेही आहे, आणि अन्यत्र पन्नास हजार वर्षांच्या दिवसाचा उल्लेख आहे; पृथ्वीचे वय दिलेले नाही. जैन मताप्रमाणे विश्व कोणी निर्माण केलेलेच नाही. उत्सर्पिणी आणि अवसर्पिणी हे काळाचे चढते-उतरते अर्धे एकामागून एक फिरत राहतात, त्यामुळे वयाचा प्रश्नच उद्भवत नाही. बुद्धांनी कल्प किती मोठा हे वर्षांत सांगितले नाही, दृष्टान्ताने सांगितले : योजनभर लांब, रुंद आणि उंच अखंड पाषाणाचा डोंगर असावा, शंभर वर्षांतून एकदा कोणी काशीच्या तलम वस्त्राने त्याला एक हात फिरवावा, तो डोंगर झिजून संपेल पण कल्प संपणार नाही. झीज शिकवताना मला याहून चांगला दृष्टान्त सापडला नाही.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. गौरी-गणपतीच्या पूजेत तिने संकल्प ऐकला आणि विचारले, की पुस्तकातले खरे की गुरुजींचे? मी निरुत्तर झाले.

तिला सांगा की पृथ्वी किती जुनी, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातले घ्यायचे, कारण ते मोजलेले आहे आणि कसे मोजले हे तिला पुढे स्वतः तपासता येईल. येथे दोन्ही खरे म्हणून वेळ मारून नेऊ नका. मुलांना ते कळते. मग तिला संकल्प नीट समजावून सांगा. आपण कोण, कोठे आणि कोणत्या काळात उभे राहून हे पाणी सोडत आहोत, हे आधी उच्चारायचे, ही रीत सुंदर आहे. वर दिलेला १९७ कोटींचा हिशेब तिला कागदावर करू द्या. सातवीच्या मुलीला तो जमेल. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा अर्थही सांगा. सृष्टी कोठून आली हे परमव्योमातला तिचा अध्यक्षच जाणतो, किंवा तोही जाणत नसेल, असे म्हणून ते सूक्त थांबते.

आणि पाऊस सरला की तिला एखाद्या घाटात न्या. रस्त्यासाठी कापलेल्या काळ्या कातळात मध्येच विटेसारखा लाल पट्टा दिसतो. एक लाव्हा निवला, त्याच्या माथ्याची झीज होऊन माती झाली आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती भाजून निघाली, असा त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी असतो. अशाच लाल थरांत मिळालेल्या झिरकॉनच्या कणांवरून दख्खनच्या उद्रेकांचा काळ ठरवला गेला आहे. गाडी सुरक्षित जागी लावा, तिला त्या थरावर बोट फिरवू द्या, आणि वर पाहून असे आणखी किती पट्टे दिसतात ते मोजायला सांगा.