दिव्यांग भावाला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान आहे. कळव्याच्या घरात पेइंग गेस्ट ठेवला तर ते बंद होईल का?

पेइंग गेस्ट ठेवला म्हणून नाही, पण भाड्यामुळे होऊ शकतं. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. महिना ५,००० घेतले की वर्षाचे ६०,००० झाले, म्हणजे मर्यादा ओलांडलीच. रोख घेतलं तरी ते उत्पन्नच, लपवू नका.

माझ्या शेजारच्या काकूंनी आतली खोली एका मुलाला दिली. चार महिन्यांत तो गाशा गुंडाळून गेला. भाडंही गेलं, अनुदानही. पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा तहसील कार्यालयाचे हेलपाटे, तेही कुबड्या घेऊन. म्हणून भाडेकरू टिकणारा असेल तरच हो म्हणा. भावाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) मात्र सुरक्षित आहे, त्याचा उत्पन्नाशी संबंध नाही.