शाळेत लोकशाही खरंच शिकवता येते का? शिक्षकाचं त्यात नेमकं काम काय?

तुम्ही लिहिलंय की डी.एड. होऊन नुकतेच शाळेवर रुजू झालात, नागरिकशास्त्र वाट्याला आलंय आणि मुलं प्रश्नोत्तरं पाठ करून मोकळी होतात. मी 19 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला हाच विषय शिकवतोय. शिकवता येते. पण माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो, कारण मला तिथूनच थोडंफार कळलं.

आमच्याकडे दरवर्षी जून-जुलैत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. मोबाइलवरच्या मतदान यंत्राच्या ॲपवर मुलं बटण दाबतात, ‘बीप’ वाजतं, बोटाला मार्करची शाई लागते, फोटो ग्रुपवर जातात. विधानसभेला मी केंद्राध्यक्ष असायचो, त्यामुळे थाट अगदी खरा. मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र नीट चालतं हे दाखवायला घेतलेलं चाचणी मतदानसुद्धा घ्यायचो. खऱ्या केंद्रावर किमान 50 मतं टाकून दाखवावी लागतात, आम्ही दहावर भागवायचो. तर एका वर्षी वर्गातला सगळ्यात उनाड मुलगा मुख्यमंत्री म्हणून निवडून आला. अधिकारी भेटीला येणार होते. मी दोन दिवसांनी त्याला ‘क्रीडामंत्री’ केलं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या हुशार मुलीला मुख्यमंत्री. कोणी काही बोललं नाही. पोरगंही हसत होतं.

पुढच्या वर्षी मतदानाच्या आदल्या दिवशी सातवीतल्या तीन मुली ऑफिसात आल्या आणि अगदी सरळपणे विचारलं, “गुरुजी, तुम्हाला कोण पाहिजे ते सांगा, म्हणजे त्यालाच मत देतो.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मला मदत करायला आल्या होत्या. मी वर्षभर संसद, मंत्रिमंडळ, मूलभूत हक्क शिकवले होते. त्या सगळ्यातून त्या हे शिकल्या होत्या.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. शिक्षकानं मुलांच्या हातात छोटी पण खरी सत्ता द्यावी आणि निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी तो पाळावा. जे पाळणं जमणार नाही, त्यावर मतदान घेऊच नये. सहलीची तारीख, गणवेश, परीक्षा हे मुलांच्या हातात नाही, तर तसं स्पष्ट सांगा. मुलं समजून घेतात. खोटं मतदान मात्र त्यांच्या लक्षात राहतं.

पाठांतराचं म्हणाल, तर उद्देशिका आमच्या पोरांना झोपेतून उठवलं तरी येते. 2020 च्या प्रजासत्ताक दिनापासून शाळांत तिचं वाचन ठरवून दिलंय. वाईट नाही. पण ‘आम्ही, भारताचे लोक’ म्हणताना त्या ‘आम्ही’त आपणही आहोत, हे परिपाठाच्या रांगेत कळत नाही.

ते कळायला मी पोरांना ग्रामसभेला नेतो. सहावीच्या पुस्तकात स्थानिक शासन संस्था आहेतच. 26 जानेवारीला झेंडावंदन, लेझीम, जिलेबी झाली की मुलं घरी पळतात आणि नेमकी त्यानंतर ग्रामसभा भरते. मागच्या बाकावर बसायचं, बोलायचं नाही, फक्त मोजायचं, एवढंच काम देतो. आपल्याकडे ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यात जे कमी असेल ते. मुलांनी मोजली 37. बायका 4. थोड्या वेळानं सभा तहकूब झाली आणि मग तीच पुन्हा सुरू झाली, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. वर्गात आल्यावर एका मुलीनं विचारलं की ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते ना, ती कधी झाली? मी म्हटलं, आईला विचार. हे उत्तर मी देऊन टाकलं असतं तर तो धडा तिथंच संपला असता.

दुसरं, आपल्या शाळेकडेही बघा. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला हव्यात. कागदावर असतात. पण पुष्कळ ठिकाणी बैठक न होताच इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघरी फिरते, आणि ती नेतं कोण? विद्यार्थी! “आई, इथं सही कर, गुरुजींनी सांगितलंय.” एवढ्या एका फेरीत पोरगं किती नागरिकशास्त्र शिकतं, याचा विचार करा. मीही वही पाठवलेली आहे, नाही कशाला म्हणू.

वर्गात राजकारण येणारच. “गुरुजी, तुम्ही कोणाला मत दिलं?” हे हमखास विचारतात. मी सांगत नाही. एक तर नोकरीचे नियम आहेत, आणि मतदान गुप्त असतं हे दाखवायची याहून सोपी संधी नाही. पण आरक्षण, गावातला पाणीवाटपाचा वाद असे विषय टाळत नाही. ज्याला जी बाजू पटते तिच्या उलट बाजूनं पाच मिनिटं बोलायला लावतो. सुरुवातीला चिडतात. घरी जाऊन सांगतात, मग एखादा पालक येतो तावातावानं. त्याला चहा पाजायचा आणि तासाला बसवायचं. नव्या शिक्षकाला याची भीती वाटेल, म्हणून आधी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला 3,000 रुपये दिले. मी ते मुलांसमोर ठेवले. माझा ठराव गोष्टीच्या पुस्तकांचा होता, त्यांना हात धुवायच्या जागी मोठा आरसा हवा होता. मी भाषण केलं, आरसा फुटेल म्हणालो, पुस्तकांच्या याद्या दाखवल्या. 22 विरुद्ध 9 नं हरलो. आरसा बसवला. मधल्या सुट्टीत त्याच्यापुढे अशी झुंबड उडते की घंटा झालेली कळत नाही, आणि अजून फुटलेला नाही. यंदा कोणी पैसे दिले तर पुस्तकांचा ठराव मी पुन्हा मांडणार आहे. त्या नऊ जणांपैकी पाच आता आठवी पास होऊन गेलेत, तेवढी अडचण आहे.